रंगाखालचा पत्रा: जुनी अमेरिकन पिकअप घेताना आणि विकताना

आमच्या आजोबांनी बरीच वर्षं फार्गो ट्रक चालवला. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ मध्ये गाड्या जुळवायला सुरुवात केली होती. पुढे कुर्ल्याच्या प्रीमियरमधून डॉज आणि फार्गो बाहेर पडू लागल्या, त्यामुळे गोल नाकाचा अमेरिकन ट्रक आपल्या घाटांना परका नव्हता. अमेरिकेत ॲरिझोनातल्या फिनिक्सला आल्यावर एका पार्किंगमध्ये मला १९५१ ची शेव्हरले ३१०० दिसली, तेव्हा पहिल्यांदा आठवलं ते आजोबांच्या केबिनमधला तेल आणि तंबाखूचा वास. तिथून हा नाद लागला. आतापर्यंत चार पिकअप घेतल्या आणि तीन विकल्या. पहिली घेताना चांगलाच फटका बसला.

इथे स्थायिक झालेले आपले लोक आता विचारतात, "दादा, एखादी जुनी शेव्ही किंवा फोर्ड घ्यायचीय, कशी बघायची?" त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी ठरवा: मिरवायची, चालवायची की विकायची

हे उत्तर नसेल तर बाजारात जाऊ नका. रविवारी मुलांना घेऊन आइस्क्रीम खायला जायची गाडी वेगळी आणि हायवेवर ताशी ६५ मैलांनी धावणारी वेगळी. १९४७ ते ५३ च्या मूळ अवस्थेतल्या शेव्हरलेत २१६ घनइंचांचं सहा सिलिंडरचं इंजिन असतं. त्याच्या कनेक्टिंग रॉडची बेअरिंग बॅबिट धातूची असतात आणि त्यांना तेल दाबाने मिळत नाही, शिंतोड्यांनी आणि फवाऱ्याने मिळतं. मागच्या एक्सलचं गिअर गुणोत्तर ४.११, म्हणजे चाक एकदा फिरायला इंजिनकडून येणारा दांडा चारपेक्षा जास्त वेळा फिरतो. म्हणजे ही गाडी ताशी ४५-५० मैलांवर सुखात असते. तिला रोज हायवेवर पळवलीत तर इंजिन हातात येईल. तो गाडीचा दोष नाही. शेतातून गावात धान्य नेण्यासाठी ती बनली होती.

आणि पैसे वाढवायला घेत असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पिकअप पूर्ण खोलून नीट रिस्टोअर करायचा खर्च बहुतेक वेळा तिच्या विक्रीच्या किमतीपेक्षा जास्त होतो. दुसऱ्याने मन लावून केलेली गाडी विकत घेण्यात नवख्याचा फायदा आहे तो याच कारणाने. मेहनतीचे पूर्ण पैसे त्याला मिळत नाहीत आणि ती मेहनत तुम्हाला कमी पैशात मिळते. पण ती मेहनत खरोखर झाली आहे का, हे ओळखता आलं पाहिजे.

कुठली वर्षं, कुठली मॉडेलं

शेव्हरलेची 'ॲडव्हान्स डिझाइन' पिढी १९४७ च्या उन्हाळ्यात आली आणि १९५५ च्या सुरुवातीपर्यंत चालली. अर्धा टन माल वाहणाऱ्या वर्गातली ती ३१००, पाऊण टनाची ३६०० आणि एक टनाची ३८००. किमती सगळ्यात जास्त ३१०० च्या. केबिनच्या मागच्या कोपऱ्यांत वळलेल्या काचा असलेली 'फाइव्ह विंडो' मिळाली तर आणखी वर. १९५४ मध्ये पुढची दुभंगलेली काच जाऊन एकसंध काच आली. त्याच वर्षी पिकअपला पूर्ण दाबाने तेल पुरवणारं २३५ चं इंजिन मिळालं. म्हणून मूळ अवस्थेतली पण जरा चालवण्याजोगी गाडी हवी असेल तर मी १९५४ सुचवतो.

१९५५ च्या मध्यात 'टास्क फोर्स' पिढी आली. तिची पुढची काच कडेने वळलेली, वायरिंग १२ व्होल्टचं आणि हवं असेल तर व्ही-८ इंजिन. याच पिढीत 'कॅमिओ कॅरिअर' होती. १९५५ ते ५८ मध्ये ती जेमतेम १० हजारांच्या आसपास निघाली. तिच्या हौद्याच्या बाहेरच्या बाजू फायबरग्लासच्या असतात. पुढे लोहचुंबकाची चाचणी सांगणार आहे, ती त्या बाजूंवर लागू नाही. तिथे चुंबक न चिकटणंच बरोबर.

फोर्डने १९४८ मध्ये एफ-१ ने एफ मालिका सुरू केली. १९५३ मध्ये तिची एफ-१०० झाली. १९५६ ची एफ-१०० सर्वांत मागणीची, कारण वळलेली पुढची काच त्या आकाराच्या गाडीला त्या एकाच वर्षी आली. त्यात मागची मोठी काच असेल तर विक्रेता किंमत सोडत नाही. १९५५ पर्यंतच्या फोर्डमध्ये ६ व्होल्टची बॅटरी असते आणि तिचं धन टोक चेसीला जोडलेलं असतं. हे माहीत नसताना कोणी उलट्या तारा जोडून जम्पस्टार्ट केलं तर नुकसान ठरलेलं.

नवख्यासाठी माझी निवड मात्र १९६७ ते ७२ ची शेव्हरले सी-१० किंवा तिची जुळी बहीण जीएमसी. सुटे भाग जवळजवळ सगळे नवे मिळतात, अगदी केबिनचे कोपरे आणि आख्खा हौदासुद्धा. इंजिन उघडून बसायला जागा आहे. १९६७ पासून ब्रेकचा मास्टर सिलिंडर दुहेरी झाला, म्हणजे एक नळी फुटली तरी निम्मे ब्रेक शिल्लक राहतात. त्याआधीच्या गाड्यांत एक गळती झाली की पेडल थेट जमिनीला. १९७१ पासून पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आले. वर्ष ओळखायची सोपी खूणही आहे: १९६७ च्या गाडीला मडगार्डांच्या बाजूला छोटे दिवे नसतात, ते १९६८ पासून. १९७१ आणि ७२ ची जाळी चौकटीचौकटीची.

याच काळातली फोर्ड 'बंपसाइड' म्हणून ओळखली जाते आणि १९७३ ते ७९ ची 'डेंटसाइड'. १९७३ ते ८७ च्या शेव्हरलेला लोक 'स्क्वेअर बॉडी' म्हणतात. या दोन्ही अजून त्यातल्या त्यात आवाक्यात आहेत. डॉजची पॉवर वॅगन हा वेगळाच प्रांत आहे. ती १९४६ मध्ये लष्करी ट्रकवरून नागरी बाजारात आली. तिच्या वाट्याला पहिल्याच खेपेला जाऊ नका. भाग शोधण्यात वर्ष जाईल.

हौद्याबद्दल दोन गोष्टी. पहिली, साधारण साडेसहा फुटांचा आखूड हौदा आठ फुटांच्या लांब हौद्यापेक्षा बराच महाग विकला जातो. म्हणून लोक लांब गाडीची चेसी कापून आखूड करतात. सी-१० च्या दोन चाकांमधलं अंतर आखूड गाडीत ११५ इंच आणि लांबमध्ये १२७ इंच. ११५ भरलं म्हणून गाडी जन्मजात आखूड आहे असं समजू नका, चेसीवर वेल्डिंगचा जोड शोधा. जोड व्यवस्थित असेल आणि विक्रेत्याने आधीच सांगितलं असेल तर घ्यायला हरकत नाही. फक्त किंमत मूळ आखूड गाडीची देऊ नका. दुसरी, बाहेर मडगार्ड आणि मध्ये पायरी असलेला हौदा म्हणजे स्टेपसाइड, सपाट बाजूंचा तो फ्लीटसाइड. फोर्डवाले त्यांनाच फ्लेअरसाइड आणि स्टाइलसाइड म्हणतात. स्टेपसाइड दिसायला गोड, पण सामान ठेवायला फ्लीटसाइड बरा.

'रिस्टोअर्ड' म्हणजे नेमकं काय केलं, ते विचारा

हा शब्द जाहिरातीत फार सैल वापरतात. केबिन, हौदा, इंजिन सगळं चेसीवरून उतरवून, चेसी उघडी करून साफ करून परत जुळवणं म्हणजे 'फ्रेम-ऑफ'. देवळाचा जीर्णोद्धार पायापासून करतात, तसं. त्याचे फोटो असतातच. एवढं काम करणारा माणूस फोटो काढल्याशिवाय राहत नाही. फोटो नसतील तर फ्रेम-ऑफचा दावा मनातून पुसून टाका.

दुसरा प्रकार रेस्टोमॉड: बाहेरून जुनी, आतून नवी. जनरल मोटर्सचं एलएस घराण्यातलं इंजिन, डिस्क ब्रेक, पॉवर स्टिअरिंग, एसी. फिनिक्सच्या उन्हाळ्यात मला हीच परवडते. पण रेस्टोमॉड म्हणजे कोणा एका माणसाने आपल्या डोक्याने जुळवलेली गाडी. तिचं मॅन्युअल नसतं. जुन्या एफ-१०० च्या पुढच्या भागात मस्टँग-२ किंवा क्राउन व्हिक्टोरिया या फोर्डच्याच कारचं सस्पेन्शन बसवलेलं सर्रास दिसतं. तिथलं वेल्डिंग स्वतः वाकून बघा आणि वायरिंगचा नकाशा मागा. देता आला नाही तर पुढच्या बिघाडाला तुम्ही आणि टॉर्च, एवढेच असाल.

तिसरा प्रकार पटिना, म्हणजे मूळ विटलेला रंग तसाच जपून यंत्र नवं केलेली गाडी. मला मनापासून आवडतो. पत्र्याला लपायला जागाच नसते. मात्र मुद्दाम विटवलेला खोटा पटिनाही रंगवून मिळतो. खरा विटका रंग ऊन आणि हात जिथे लागतात तिथे झिजतो: बॉनेटच्या वरच्या बाजूला, दाराच्या खिडकीच्या कडेला जिथे ड्रायव्हर कोपर टेकवतो तिथे. सगळीकडे सारखाच विटला असेल तर शंका घ्या.

आणि चौथा प्रकार, नुसता रंग. तो मी घेतला होता.

कागद: गाडीचा सातबारा

अमेरिकेत टायटल म्हणजे मालकीचा कागद. नोंदणी वेगळी, टायटल वेगळं. जमीन घेताना आपण आधी सातबारा बघतो, तसं इथे गाडीच्या आधी टायटल बघायचं. विक्रेत्याचं नाव टायटलवरच्या नावाशी जुळलं पाहिजे. "माझ्या मित्राने सही करून दिलंय, मी नावावर केलं नाही" असं म्हणाला तर तो मधल्या हस्तांतराचा कर आणि नोंद चुकवतोय आणि निस्तरायचं तुम्हाला आहे. टायटलवर कर्जाचा बोजा आहे का, 'सॅल्व्हेज' (मोडीत काढलेली) किंवा 'रिबिल्ट' (त्यानंतर पुन्हा उभी केलेली) असा शिक्का आहे का, तेही बघा.

सतरा अंकी व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, १९८१ पासूनचा. त्याआधी प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी होती. १९६७-७१ च्या शेव्हरलेत पहिलं अक्षर सी म्हणजे दोन चाकी ओढ, के म्हणजे चार चाकी. दुसरं ई म्हणजे व्ही-८, एस म्हणजे सहा सिलिंडर. तिसरा अंक १ म्हणजे अर्धा टन. म्हणजे टायटलवर 'सीएस' असेल आणि समोर व्ही-८ धडधडत असेल तर इंजिन बदललेलं आहे. गुन्हा नाही, पण विक्रेत्याने 'मूळ व्ही-८' म्हटलं असेल तर बाकीच्या बोलण्यावर किती विश्वास ठेवायचा ते कळतं. याच गाड्यांच्या ग्लोव्हबॉक्सच्या दाराला आत एक कागदी पट्टी चिकटवलेली असे, तिच्यावर कारखान्यातून आलेल्या सगळ्या सोयींची यादी. ती शाबूत असेल तर सोनं.

व्हीआयएनची नंबरपट्टी मूळ जागी, मूळ खिळ्यांनी आहे का, हे पक्कं बघा. २०१७ मध्ये कॅन्ससमध्ये १९५९ ची एक कॉर्व्हेट पोलिसांनी जप्त केली. रिस्टोअर करताना कोणीतरी पट्टी काढून परत लावली होती, एवढंच कारण. मालकाने चोरी केली नव्हती, तरी प्रकरण वर्षानुवर्षं चाललं आणि शेवटी २०२२ मध्ये राज्याला कायदा बदलावा लागला. सगळ्या राज्यांनी तो बदललेला नाही.

आणखी दोन खाचा आहेत. पन्नाशीच्या दशकातल्या आणि त्याआधीच्या काही गाड्यांची टायटलं इंजिनच्या नंबरावर निघाली होती. इंजिन बदललं की कागदावरचा नंबर गाडीवर कुठेच सापडत नाही. आणि न्यूयॉर्कसारख्या राज्यात १९७२ पर्यंतच्या गाड्यांना टायटल नसतंच, जुनी नोंदणी आणि विक्रीपत्र यांवर व्यवहार होतो. अशी गाडी घेण्याआधी तुमच्या राज्याच्या मोटर खात्यात जाऊन कागदांची प्रत दाखवा आणि "यावर माझ्या नावाचं टायटल निघेल का?" हा प्रश्न तोंडी विचारून घ्या. इसार त्यानंतर.

गाडीपाशी

माझी पहिली पिकअप १९६८ ची लाल सी-१०. उत्तरेकडच्या एका विक्रेत्याकडून नुसत्या फोटोंवर घेतली. रंग असा की चेहरा दिसावा. सात महिन्यांनी ड्रायव्हरच्या मागच्या कोपऱ्यावर रंगाला बारीक फोड आले. नखाने एक उचकटला तर आतून लांबीचा, म्हणजे खड्डे भरायच्या पुट्टीचा, जाड पापुद्रा निघाला, त्याखाली गंजलेला पत्रा आणि त्याखाली काहीच नाही, भोक. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या राज्यात आयुष्य काढलेली गाडी होती ती. दोन्ही कोपरे, दाराखालच्या दोन्ही पट्ट्या आणि डावीकडची जमीन कापून नवी घालावी लागली. तेव्हापासून मी गाडी कशी बघतो, ते असं.

सोबत न्यायचं सामान: कापडात गुंडाळलेला पातळ लोहचुंबक, चांगला टॉर्च, आरसा, जमिनीवर टाकायला जुनी चादर, रंगाची जाडी मोजायचं यंत्र आणि जमलं तर ही पिढी जाणणारा मेकॅनिक. गाडी दुसऱ्या राज्यात असेल तर तिथल्या स्वतंत्र तपासनिसाला पैसे द्या. विक्रेत्याने सुचवलेल्याला नको.

चादर टाका आणि खालून सुरुवात करा. वरून सुरुवात केलीत तर रंगाच्या प्रेमात पडाल आणि खाली बघायचा उत्साह राहणार नाही. चेसी कुठे वाकली आहे का, पाट्यांच्या खिळ्यांजवळ तडे आहेत का, केबिन चेसीवर जिथे टेकते तिथला पत्रा शाबूत आहे का, हे बघा. चेसीला खालून काळा डांबरी थर ताजा ताजा मारला असेल तर काय झाकलं ते विचारा.

मग गंजाच्या ठरलेल्या जागा: केबिनचे मागचे खालचे कोपरे, दाराखालच्या पट्ट्या, पायापाशी जमीन, पुढच्या काचेखालचा भाग, छपराच्या कडेची पन्हळ, मडगार्डांच्या मागच्या कडा, रेडिएटरची चौकट. प्रत्येक ठिकाणी चुंबक लावा. ओढ अचानक कमी झाली की खाली लांबी आहे. थोडी लांबी प्रत्येक रंगवलेल्या गाडीत असते, तिला घाबरू नका. जाडी मोजायच्या यंत्रावर चांगल्या नव्या रंगाला साधारण ८ ते १५ मिल दिसतात, म्हणजे इंचाचे हजारावे भाग. एका ठिकाणी १२ आणि वीतभर अंतरावर ५० दिसले तर तिथे काहीतरी पुरलं आहे. पायाखालचं रबर किंवा गालिचा उचलून जमीन बघायचीच. विक्रेता उचलू देत नसेल तर चहा पिऊन निघा.

आमच्या वाळवंटातल्या गाड्यांना गंज कमी असतो, त्यामुळे देशभरातून लोक ॲरिझोनाचा पत्रा शोधत येतात. पण इथलं ऊन रबर, सीट आणि डॅशबोर्ड खाऊन टाकतं. दारांची आणि काचांची रबरं नवी आहेत का बघा. जुन्या सुकलेल्या रबरातून पहिल्या पावसातच पाणी जमिनीवर येतं.

दारं हळू लावून बघा. चांगल्या जुळलेल्या केबिनचं दार दोन बोटांनी बंद होतं. दार आणि केबिन यांच्यातली फट वर अरुंद आणि खाली रुंद असेल तर केबिन बसलेली आहे किंवा कोपरे बदलताना वाकडे बसवले आहेत.

हौद्याची लाकडी जमीन बघायला विसरू नका. फळ्या, त्यांच्यामधल्या धातूच्या पट्ट्या आणि खालचे आडवे दांडे. फळ्यांना वरून वार्निश चकाचक आणि खालून लाकूड कोरडंठाक असेल तर काम फोटोपुरतं केलेलं आहे. फाळका उघडून त्याच्या बिजागरीजवळ गंज बघा.

आता इंजिन. फोनवरच सांगून ठेवा की गाडी थंड हवी. गेल्याबरोबर बॉनेटला हात लावा. गरम असेल तर का, ते विचारा. थंड इंजिन सुरू होताना सगळी गुपितं सांगतं: निळा धूर म्हणजे तेल जळतंय, थांबत नाही असा दाट पांढरा धूर म्हणजे पाणी आत जातंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त. कॉम्प्रेशन मोजून घ्या. सगळे सिलिंडर एकमेकांच्या जवळ हवेत, सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्तीच्या ७५ टक्क्यांखाली नको. जुन्या २१६ इंजिनचा तेलाचा दाब पाहून नवखे दचकतात. त्याचा मीटरच ३० पर्यंतचा असतो आणि गरम इंजिन १५ च्या आसपास दाखवतं. ते ठीक आहे.

केबिनमध्ये बसून दारं लावा आणि श्वास घ्या. १९७२ पर्यंतच्या बहुतेक शेव्हरले पिकअपमध्ये पेट्रोलची टाकी सीटच्या पाठीमागे, केबिनच्या आत असते. पेट्रोलचा वास आला तर टाकीची नळी किंवा तोंडाचं रबर गेलं आहे. आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुनं रबर लवकर खातं. मुलांना घेऊन फिरणार असाल तर टाकी खाली, मागच्या बाजूला हलवून घ्या. या बाबतीत मला मूळपणाचं कौतुक नाही. कमरेचे पट्टे नसतील तर तेही बसवा.

चालवताना मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग किती मोकळं फिरतं ते बघा. जुन्या गाडीत बोटभर ढिलेपणा चालतो, हातभर नाही. ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते का? ड्रम ब्रेक सुरुवातीला ओढतात, दोन-तीनदा दाबल्यावरही ओढत असतील तर काम आहे. दुसऱ्या गिअरमध्ये वेग घेऊन पाय काढा, गिअर स्वतःहून निसटला तर गिअरबॉक्स उघडावा लागेल. परत आल्यावर पुढचं चाक जॅकवर उचलून वरखाली धरून हलवा, किंगपिनची, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीची, झीज हाताला कळते. मग गाडी दहा मिनिटं तशीच सुरू ठेवा. रेस्टोमॉड असेल तर एसीसकट. इंजिन मोठं आणि रेडिएटर जुना असेल तर काटा चढताना इथेच दिसेल.

किंमत आणि पैसे

हॅगर्टी ही जुन्या गाड्यांचा विमा करणारी कंपनी गाड्यांची १ ते ४ अशी प्रतवारी ठेवते. १ म्हणजे प्रदर्शनात पहिली येणारी, ४ म्हणजे चालणारी पण थकलेली. बाजारातल्या बहुतेक 'रिस्टोअर्ड' पिकअप ३ क्रमांकाच्या असतात आणि विक्रेते त्यांना २ ची किंमत सांगतात. घासाघीस याच दोन आकड्यांच्या मधल्या जागेत होते. तुम्ही टिपलेले दोष एकेक करून, रागावल्याशिवाय, खर्चासकट सांगा. नुसतं "कमी करा" म्हणून कोणी करत नाही.

लिलावाला जायचं असेल तर स्कॉट्सडेलला जानेवारीत होणारा बॅरेट-जॅक्सनचा लिलाव एकदा नुसता बघून या. बोली लावू नका. तिथल्या दिव्यांखाली प्रत्येक रंग सुंदर दिसतो आणि गाडी चालवून बघता येत नाही. बोलीवर खरेदीदाराचं शुल्क वेगळं, मोठ्या लिलावांत साधारण १० टक्के. ऑनलाइन लिलावात ब्रिंग अ ट्रेलरवर ते ५ टक्के आहे, वर मर्यादा. तिथल्या झालेल्या विक्रीच्या किमती कोणालाही बघता येतात. किंमत शिकायची ती जागा उत्तम, मागितलेल्या किमती वाचून काहीच कळत नाही. माझा स्वतःचा कल मात्र मालकाकडून थेट घेण्याकडे, त्याच्या गॅरेजमध्ये उभं राहून. गॅरेज नीट लावलेलं असेल, पावत्या फाईलमध्ये असतील, तर गाडीही तशीच निघते.

पैसे देताना विक्रेत्याबरोबर त्याच्या बँकेत जा. सही केलेलं टायटल आणि पैसे एकाच टेबलावर एकाच वेळी बदला. ॲरिझोनासह काही राज्यांत विक्रेत्याची सही नोटरीसमोर लागते आणि तीही बँकेत सहसा होऊन जाते.

विमा घेताना 'ॲग्रीड व्हॅल्यू' हाच शब्द पॉलिसीवर असू द्या. म्हणजे गाडी गेली तर ठरलेली पूर्ण रक्कम मिळते. नेहमीच्या पॉलिसीत कंपनी घसारा धरते आणि पन्नास वर्षांच्या गाडीची किंमत काय धरेल, हे वेगळं सांगायला नको. धूर तपासणीचे नियम राज्यागणिक: कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या गाड्यांना सूट आहे, फिनिक्स परिसरात १९६६ पर्यंतच्या.

ट्रेलरवरून मागवायची असेल तर गाडी चढवताना आणि उतरवताना वाहतुकीच्या पावतीवर ओरखडे नोंदवून घ्या.

विकताना

तुम्ही चुंबक घेऊन फिरलात ना, तसाच माणूस आता तुमच्याकडे येणार आहे. त्याला जे शोधायचं आहे ते तुम्हीच आधी दाखवा. माझ्या लाल सी-१० चे कोपरे कापले तेव्हा मी भोकांचे फोटो काढून ठेवले होते, नवा पत्रा वेल्ड होतानाचेही. विकताना तेच जाहिरातीत सगळ्यात वर लावले. चौकशीला आलेल्यांपैकी दोघे ते बघून मागे फिरले. तिसऱ्याने मी सांगितलेली किंमत जवळजवळ पूर्ण दिली, कारण त्याला कोपऱ्यात काय आहे हे माहीत होतं.

शंभरेक फोटो काढा. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या उन्हात, गाडी धुऊन पण चकाकी आणणारं काही न लावता. चेसी खालून, जमीन गालिचा उचलून, हौद्याच्या फळ्या, नंबरपट्टी, प्रत्येक ओरखडा. थंड इंजिन सुरू करतानाचा अखंड व्हिडिओ, आवाज न कापता. काय बदललं आहे ते साध्या भाषेत लिहा: इंजिन मूळ नाही, चेसी आखूड केलेली नाही, डावीकडचा पेट्रोलमीटर चालत नाही. 'मूळ' आणि 'नंबर जुळणारी' (कारखान्यातून आलेलंच इंजिन असलेली) हे शब्द सिद्ध करता येत असतील तरच वापरा. मैलांच्या आकड्यालाही जपा. जुन्या मीटरला पाचच आकडे असतात, ९९,९९९ नंतर ते शून्यावर येतं. म्हणून 'फक्त ४१ हजार मैल' असं लिहू नका, 'मीटरवर ४१ हजार, खरे मैल माहीत नाहीत' असं लिहा.

कॅशियर्स चेक, म्हणजे बँकेने स्वतःच्या नावावर काढलेला चेक, घेऊन लगेच गाडी देऊ नका. हुबेहूब खोटे चेक बनतात आणि बँक आठवड्याने ते परत पाठवते. ज्या बँकेचा चेक आहे तिच्या शाखेत दोघांनी मिळून जायचं किंवा वायर ट्रान्सफर घ्यायची आणि पैसे जमा झाल्याचं आपल्या बँकेतून स्वतः विचारून घ्यायचं. ठरल्यापेक्षा जास्त रक्कम पाठवून "वरचे पैसे गाडी न्यायला येणाऱ्याला द्या" म्हणणारा भामटा असतो, दरवेळी. चालवून बघायला येणाऱ्याचा परवाना आणि विमा आधी बघा, स्वतः शेजारी बसा.

आपल्या लोकांसाठी एक वेगळी सूचना. एच-वन-बी व्हिसावर असाल तर हौसेची एखादी गाडी विकणं वेगळं आणि नफ्यासाठी एकामागून एक गाड्या घेऊन विकणं वेगळं. दुसरं म्हणजे धंदा, आणि तो तुमच्या व्हिसाच्या परवानगीबाहेरचा ठरू शकतो. दोनपेक्षा जास्त गाड्यांचा विचार मनात आला की आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असलं तरी वर्षाला ठरावीक संख्येपेक्षा जास्त गाड्या विकायला प्रत्येक राज्यात डीलरचा परवाना लागतो. नफ्यावर कर आहे, म्हणून खर्चाच्या पावत्या फेकू नका.

गाडी देताना सगळं द्या: जुने फोटो, पावत्यांची फाईल, काढून ठेवलेले मूळ भाग, रंगाचा नंबर, जादा किल्ली. आणि एका कागदावर हाताने लिहून द्या की थंडीत चोक किती ओढायचा, पेडल किती वेळा दाबायचं, रिव्हर्स कुठल्या कोपऱ्यात लागतो. लाल गाडी नेणाऱ्या गृहस्थांनी तो कागद सन व्हायजरला लावलेला फोटो मला पाठवला होता.

ते गल्लीच्या टोकाला वळले की आत या आणि राज्याच्या मोटर खात्याला विक्रीची सूचना पाठवा. ॲरिझोनात त्याला १० दिवसांची मुदत आहे. मी त्याच संध्याकाळी पाठवतो, कारण सूचना जाईपर्यंत त्या गाडीचा टोल, दंड आणि अपघात कागदावर तुमच्याच नावाने येतो. नंबरप्लेट राज्याच्या नियमाप्रमाणे आधीच काढून घेतलेली असू द्या.